स्वतः पाहिलंस का?

निरंजनचा फोन सकाळी आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "आत्या, बाबा गेले," तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलवेना. अशा वेळी माणसाच्या तोंडून 'अरे देवा' निघतं, निदान 'कधी' तरी निघतं. माझ्या तोंडून निघालं, "तू स्वतः पाहिलंस का?" त्याच्या बायकोने फोन घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, तुम्ही जरा बसून घ्या बरं." तिला वाटलं मला धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. तो प्रश्न मुळात माझा नव्हताच, गेलेल्या माणसाचा होता. जन्मभर त्याने तो आम्हा सगळ्यांना विचारला आणि तो गेल्यावर पहिल्यांदा त्याच्याच बाबतीत विचारला गेला, एवढंच. तोवर दूध उतू गेलं होतं.

नाशिकच्या फौजदारी कोर्टात ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत ते अ‍ॅडव्होकेट मधुकर म्हणजे आमचा मधुदादा, माझा मामेभाऊ, निरंजनचा बाप. त्याच्या शोकसभेत काळ्या कोटातली माणसं एकामागून एक उठून बोलली. कायद्याचं चालतंबोलतं पुस्तक काय, गोरगरिबांचा आधार काय, उलटतपासणीचा बादशहा काय... मेल्या म्हशीला मणभर दूध. यातल्या निम्म्यांनी हयातीत त्याला चहाही विचारला नसेल. सभा संपल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या एका बाईंनी मला गाठलं. "वकील लोक कायद्याचं लिहितील, तुम्ही घरचं माणूस म्हणून काहीतरी हृद्य लिहा." लिहिते. हृद्य होईलच असं नाही. मी स्वतःला एकच अट घालून घेतली आहे, जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. ही अटही त्यानेच लावलेली.

माझे वडील लवकर गेले. आई मला आणि धाकट्या अनिलला घेऊन गिरणाऱ्याच्या पुढे मामाच्या मळ्यात आली, ती कायमचीच. मामाला दोन मुलगे, मधुदादा आणि दिलीप. दादा सगळ्यांत मोठा, त्याच्याखाली मी, आणि दिलीप-अनिल जवळपास एका वयाचे. चौघेही एकाच तव्यावरच्या भाकरी खाऊन वाढलो. एकदा उन्हाळ्यात मामीची लोणच्याची बरणी फुटली. मी छातीठोकपणे सांगितलं, दिलीपने फोडली. मामीने त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, तेवढ्यात दादा मध्ये पडला. नववीत होता तेव्हा. "शालू, तू स्वतः पाहिलंस का?" "नाही, पण त्याच्या हाताला लोणच्याचा वास येतोय." "वास माझ्याही हाताला येतोय, मीही आत्ताच जेवलो. स्वतः पाहिलंस का?" "नाही." "मग माहीत नाही म्हण." मला 'माहीत नाही' म्हणायला लावून, तेही मामीसमोर तीनदा, त्याने दिलीपला सोडवलं. मामा ओसरीवर टांगलेल्या बंगईवर झोके घेत हसत होता, म्हणाला, "हा वकील व्हनार." झालाही. बरणी कुणी फोडली ते मात्र आजतागायत कळलं नाही.

त्या दिवसापासून घरात हे खूळच झालं. बोकडाने शेवंती खाल्ली म्हणावं तर स्वतः पाहिलंस का, मास्तरांनी पेपर सोपा काढला म्हणावं तर स्वतः पाहिलंस का. आम्हाला इतकी सवय लागली की खोटं बोलायचं तर सोडाच, अंदाजाने बोलायलाही जीभ वळेना. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे. दादा नाशिकला वकील झाला, गंगापूर रोडला त्याने बंगला बांधला, आणि त्याचं तेच खूळ आता त्याचा धंदा झालं. अशिलाला तो कधीच विचारायचा नाही की बाबा, तू हे केलंस का. एकदा मी त्याच्या ऑफिसात बसलेले असताना एक माणूस रडत रडत सांगायला लागला, "साहेब, त्या दिवशी माझ्या हातून..." दादाने त्याला तिथेच थांबवलं आणि चहा सांगायला बाहेर पाठवलं. तो गेल्यावर मी म्हटलं, बोलू का दिलं नाहीस? "मला खरं कळून काय करायचंय? मला कळलं की मी अडकलो. पोलिसांना काय दाखवता येतं तेवढ्याशी माझं काम. माणूस वाईट आहे म्हणून शिक्षा होत नसते शालू, शिक्षा कृत्याला होते. कायदा हात बघतो. मनात काय होतं तेसुद्धा हातांवरूनच ठरवतो." मी म्हटलं, "सिद्ध झालं नाही म्हणजे खोटं ठरलं, असं आमच्या गणितात नसतं." "म्हणून तुमच्या गणितात कुणी फाशी जात नाही," तो म्हणाला. बोलण्यात त्याला कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही.

मामा-मामी, माझी आई अशी मोठी माणसं गेली तसा मळा दिलीप आणि अनिल बघायला लागले. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. दोघांनी मिळून शेततळं केलं होतं. आमच्याकडे मोठा खड्डा खणून त्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात आणि पावसाळ्याचं पाणी साठवतात. पाण्याला बरं, माणसाला वाईट. कागदावर शेवाळ धरलं की काठ साबणासारखा होतो. आत पडलेला माणूस पोहणारा असला तरी वर चढू शकत नाही, नखं नुसती घसरतात. म्हणून काठावर एक खुंट रोवून त्याला दोर बांधून ठेवायचा आणि त्याचं टोक पाण्यात सोडायचं, हा आमच्या भागातला रिवाज. आमच्या तळ्याचा दोर निळा नायलॉनचा होता. अनिलने त्याला हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या, ओल्या हातालाही पकड यावी म्हणून. माझ्यादेखत मारल्या, दातांनी ओढून ओढून.

दसऱ्याच्या तोंडावर फुलांची घाई होती तेव्हा शाळेला सुट्टी बघून मी मळ्यात गेले होते. घरात शिरल्या शिरल्या ओसरी भुंडी वाटली. अनिल म्हणाला, मामाची बंगई दादा रविवारी गाडीच्या टपावर टाकून नाशिकला घेऊन गेला, बंगल्यात टांगणार म्हणे. सकाळीच दिलीप आणि अनिल यांचं पाण्याच्या पाळीवरून वाजलं. दिलीपचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, "येक दिवस याच पान्यात घालीन तुला!" भावाभावांत असं बोलतात, दुपारी एका ताटात जेवतातही. मी स्वयंपाकाला लागले. मग ओरडण्याचा आवाज आला. मोटर चालू होती, कोण ओरडतंय ते समजेना. मी धावत तळ्यावर गेले. दिलीप काठावर उभा होता. उघडा, अंगात शर्ट नाही. हात रिकामे. खुंट मोकळा, दोर नव्हता. पाण्यावर त्याचा शर्ट तरंगत होता, एक बाही फाटून गेलेला. अनिल दिसत नव्हता... शेजारच्या मळ्यातली माणसं त्यांचा दोर घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं. दादा दुपारी कोर्टातून तसाच आला, काळ्या कोटात. मी पाहिलं, तो आधी खुंटाजवळ जाऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग चपला काढून अनिलच्या पायाशी बसला. मला वाटलं, रडू आवरतोय.

पोलिसांनी दिलीपला धरलं ते मुख्यतः त्या दोरावरून. सकाळची धमकी, फाटलेला शर्ट म्हणजे झटापट, आणि दोर गायब म्हणजे वाचवायची सोयसुद्धा आधीच काढून ठेवलेली. नुसता राग नव्हे, ठरवून केलेला खून. सगळं नीट जुळत होतं आणि साक्षीदार मी एकटी. दिलीप कित्येक महिने नाशिकरोडच्या जेलमध्ये होता. त्याचं वकीलपत्र कोणी घेतलं हे सांगायला नको. मी दादाला विचारलं होतं, "अनिल तुझा कुणी नव्हता का रे?" तो म्हणाला, "अनिल गेला. दिलीप अजून आहे." हे उत्तर बिनतोड आहे हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि त्याबद्दल मी त्याला कधीही माफ केलं नाही.

माझ्या साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी व्हरांड्यात मला बाजूला घेतलं. "मॅडम, एवढंच म्हणा की सकाळी तळ्यावर गेले होते तेव्हा दोर खुंटाला पाहिला. बाकी मी बघतो." एक वाक्य. तेवढ्या वाक्यावर दिलीप जन्मभर आत गेला असता. शिपायाने पुकारा केला, मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांचे प्रश्न संपले तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, मग उलटतपासणी. दादा उठला. ज्याला मी लहानपणापासून ओवाळत आले तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तुम्ही गणित शिकवता ना?"

"हो."

"मग नेमकं उत्तर द्यायला तुम्हाला जड जाणार नाही. आरोपीने मयताला ढकलताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

"नाही."

"शर्ट झटापटीत फाटला असं जबाबात आहे. झटापट स्वतः पाहिलीत?"

"नाही."

"दोर घटनेच्या दिवशी खुंटाला होता, हे स्वतः पाहिलंत?"

"तो नेहमीच तिथे..."

"नेहमीचं मी विचारलं नाही. त्या दिवशी. किंवा आदल्या दिवशी."

"नाही."

"म्हणजे तो कुणी काढला आणि कधी काढला, हे तुम्हाला सांगता येणार नाही. कुणीही काढलेला असू शकतो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, पापणी हलत नव्हती. "हो," मी म्हटलं. "कुणीही." न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा, हे म्हणणे खरे आहे की सदर दोर कुणीही काढलेला असू शकतो." दादा खाली बसताना म्हणाला, "दॅट्स ऑल." साक्षीदार फोडायला लोकांना काय काय करावं लागतं. कुणी धमकावतं, कुणी पाया पडतं. याने काहीच केलं नाही. माझ्या जिभेला खीळ घालून ठेवलेली होती, ती घालणारा समोर उभा होता, आणि मी खोटं बोलणार नाही याची खात्री त्या अख्ख्या कोर्टात त्याच्याइतकी कुणालाच नव्हती. माझ्या खरेपणावर त्याने माझ्याच भावाच्या मरणाची केस जिंकली.

शेवटी शेवटी न्यायाधीश आरोपीला विचारतात, तुम्हाला काही सांगायचं आहे का. त्यांनी दिलीपला विचारलं तेव्हा त्याने आधी दादाकडे पाहिलं. दादा कागद चाळत होता, त्याने मान वर न करता थोडीशी हलवली. "नाय साहेब," दिलीप म्हणाला. मी हे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, हाच तो पुरावा, फक्त कोर्टाला दिसत नाही. संशयाचा फायदा देऊन त्याची सुटका झाली. फायदा कोर्टाने दिला, संशय गावाने ठेवून घेतला. दिलीपची बायको मुलीला घेऊन मनमाडला माहेरी गेली ती आली नाही. सप्त्याच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहायला लागलं. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. एका दसऱ्याला फुलबाजारात तो शेवंतीचे क्रेट घेऊन बसलेला दिसला, मी त्याच्या देखत शेजारच्या बाईकडून फुलं घेतली. महाग घेतली.

दादाकडे मात्र मी दर भाऊबीजेला जात राहिले. नातेवाईक म्हणायचे, शालूचं मन मोठं. मन कसलं मोठं! मला त्याचे डोळे खाली गेलेले बघायचे होते. मंगलवहिनी हौसेने फराळ मांडायच्या, मी मामाच्या त्या बंगईवर बसून वाट बघायची, मग तबक हातात घ्यायची आणि निरांजन उचलण्याआधी विचारायची, "दादा, दिलीपने ढकललं का रे त्याला?" तो पाटावरून म्हणायचा, "तू स्वतः पाहिलंस का?" "नाही." "मग?" मग मी ओवाळायची. दरवर्षी हेच. हात धुऊन मागच्या गॅलरीत नॅपकिन वाळत टाकायची आणि निघायची. वहिनी एकदा म्हणाल्या, "शालूताई, सुंभ जळेल पण तुमचा पीळ जायचा नाही." दोघांनाही लागू होतं ते. त्याचे डोळे एकदाही खाली गेले नाहीत.

गेल्या भाऊबीजेला तो अंथरुणावर होता. दोन उशांना टेकवून बसवलेला, चेहरा एवढासा झालेला. मी तबक घेतलं आणि विचारलं. मी काही दया दाखवायला गेले नव्हते. यावेळी त्याने उलट प्रश्न केला नाही. मागच्या दाराकडे पाहत राहिला. गॅलरीत वहिनी वाळलेले कपडे काढत होत्या. मग म्हणाला, "तळ्यावर दोर नव्हताच, शालू. दिलीपने नव्हता काढला."

एवढ्या वर्षांनी माझी पाळी आली होती. मी म्हटलं, "तू स्वतः पाहिलंस का?"

"हो."

त्या दिवशी तो सकाळपासून कोर्टात होता, हे सगळ्या नाशिकला माहीत होतं. मला वाटलं, बघा, मरायला टेकला तरी भावासाठी खोटं बोलतोय, आणि तेही मला, जिला याने कधी अंदाजानेसुद्धा बोलू दिलं नाही. "शालू, ऐक..." तो म्हणाला. मी निरांजन फिरवलं, तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, "दॅट्स ऑल." आणि निघाले. तो हाक मारत होता, ती जिन्यापर्यंत ऐकू आली. त्याला लागलं असेल तर बरंच झालं, असं मला रिक्षात वाटलं. खरं सांगायचं तर आजही फार वेगळं वाटत नाही.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो गेला. दहाव्याला गोदेवर, आमच्या गंगेवर, पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती. कावळ्यांना काही माहीत नसतं. दिलीप घाटाच्या पायऱ्यांवर लांब बसला होता, त्याला कुणी जवळ बोलावलं नाही. मीही नाही. दादाच्या घरी आल्यावर आंघोळ करून मी ओलं लुगडं वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेले. एवढ्या वर्षांत त्या दोरीवर मी किती वेळा काय काय टाकलं असेल, कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लुगडं पसरताना काठ अडकला. गाठीत. हात पुढे सरकवला तर हातभर अंतरावर दुसरी गाठ. उन्हाने निळा रंग उडून दोर पांढुरका झाला होता, फक्त गाठींच्या आतल्या वळ्यांत तो अजून निळा होता. मी वहिनींना विचारलं, "वहिनी, हा दोर कुठला?"

"अहो तो... बंगई आणली ना मळ्यातून, ती टपाला बांधून आणलेली, तेव्हाचा. परत न्यायचा म्हणून गाडीच्या डिकीतच होता बरेच दिवस. मग दिलीपभाऊजी आत होते तेव्हा यांनीच एके दिवशी इथे बांधला. मी म्हटलं चांगली तार आणा, तर म्हणाले, नको, हा मजबूत आहे, राहू दे. पण बरा आहे हो. गाठी आहेत ना, कपडे सरकत नाहीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्याच बंगईवर बसून दरवर्षी विचारत होते की माझा भाऊ कसा मेला.

आता कायद्याचं बोलायचं तर दादाने काहीच गुन्हा केला नव्हता. बंगई बांधायला दोर सोडून नेणं हा गुन्हा नाही. 'पुढच्या रविवारी आणून बांधतो' म्हणून विसरणं हाही नाही. कोर्टात तो खोटंही बोलला नाही. वकील फक्त प्रश्न विचारतो, आणि प्रश्न कधी खोटा नसतो. कुणीही काढलेला असू शकतो, हे त्याने माझ्याच तोंडून वदवलं. ज्या गायब दोरामुळे दिलीप खुनी ठरत होता तो दोर त्याच्या डिकीत होता. त्याला एकच करायचं होतं. वकीलपत्र दुसऱ्याला द्यायचं, कोट काढून पिंजऱ्यात यायचं आणि म्हणायचं, दोर मी नेला. दिलीप त्याच महिन्यात घरी आला असता, संशय न घेता. पण मग अनिल का बुडाला या प्रश्नाचं उत्तर गावात वेगळं झालं असतं. त्याने भावाला जन्मठेपेपासून वाचवलं आणि स्वतःला एका वाक्यापासून. रोज सकाळी त्या गॅलरीत उभा राहून तो चहा प्यायचा, तो प्रायश्चित्त म्हणून की माज म्हणून, मला माहीत नाही. तो शिकवून गेला तसं म्हणते, माहीत नाही.

मी दोर सोडला. वहिनींना सांगितलं, तुम्हाला नवी तार आणून देते. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून मळ्यात गेले. दिलीप शेवंतीच्या वाफ्यात होता. मला पाहून उभा राहिला, हात पुसले, या म्हणावं की नाही ते त्याला कळेना. मी पिशवी उघडून दाखवली.

"तळ्यावरचा हाय," तो म्हणाला. त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही. "दादानं त्याच्यानंच बंगई बांधली व्हती. खालून म्याच धरली व्हती."

"तुला माहीत होतं? मग कोर्टात का बोलला नाहीस?"

"दादा म्हनला, साहेब इचारतील काय सांगायचं का, तं नाय म्हन. म्या नाय म्हनलो."

"आणि नंतर? एवढी वर्षं?"

"त्यानं सोडवलं ना मला. मंग त्याचं नाव कसं घेऊ, ताई? त्यो बोलंल म्हनून वाट पाह्यली म्या. लय पाह्यली." त्याने वाफ्यातलं एक तण उपटलं, मग तसाच उभा राहिला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी हे फक्त दादालाच विचारत आले होते. पोलिसांनी दिलीपला कबूल हो म्हटलं, न्यायाधीशांनी काही सांगायचंय का म्हटलं, दादा तर कधी कुणाला विचारायचाच नाही. नुसता साधा प्रश्न याला कुणी विचारलाच नव्हता. मी विचारलं, "दिलीप, तू ढकललंस का रे अनिलला?"

"नाय ताई. मोटरची जाळी साफ करत व्हता, पाय सरकला त्याचा. म्या खुंटाकं पळालो, दोर नाय. मला पव्हता येत नाय, तुला ठावं हाय. शर्ट काढून त्याच्याकं टाकला म्या. त्यानं धरला व्हता, ताई. धरला व्हता त्यानं. बाही फाटली."

मला माफी मागता आली नाही, त्यानेही ती मागितली नाही. गणिताच्या हिशोबाने त्याच्या या बोलण्याला आजही काही आधार नाही. दोर नव्हता एवढंच सिद्ध होतं, ढकललं नाही हे होत नाही. ती बाही मात्र मी पाहिली होती. नसलेली बाही. मी दोर त्याच्यापुढे धरला. तो एक पाऊल मागे सरला.

"तळ्यावर आता दुसरा हाय. ह्यो तूच ठेव."

म्हणून तो मी घरी आणला. एवढा चांगला दोर टाकून कसा द्यायचा, आणि द्यायचा तरी कुठे? माझ्या गॅलरीत बांधला आहे. रोज सकाळी त्यावर कपडे वाळत घालते. मंगलवहिनी सांगत होत्या त्यात तथ्य आहे, आणि हे मी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. हे म्हणणे खरे आहे की, गाठींमुळे कपडे सरकत नाहीत.